निदानाची घटका

अर्धांगवायूचा झटका आलेल्या माणसाला शहरातल्या रुग्णालयात नेले, की नातेवाइकांच्या तोंडी हल्ली पहिला प्रश्न असतो, 'एमआरआय केला का?' केला नसेल, तर डॉक्टर हयगय करीत आहेत अशी शंका येते. केला असेल, तर आता काळजीचे कारण उरले नाही असा दिलासा वाटतो. महागड्या यंत्रावरील हा विश्वास निराधार नाही. मेंदूचा रक्तपुरवठा तुटल्याची खूण इतक्या लवकर आणि इतक्या निःसंदिग्धपणे दाखविणारे दुसरे साधन आज वैद्यकाच्या हाती नाही. पण या सामर्थ्याचा उपयोग कोणासाठी, केव्हा आणि किती त्वरेने करावयाचा, याचा विचार आपल्याकडे फारसा झालेला नाही. त्यामुळे ज्याला या तपासणीसाठी क्षणभरही थांबवू नये असा रुग्ण यंत्राच्या दाराशी खोळंबतो, आणि ज्याचे भवितव्य तिच्यावरच अवलंबून असते त्याच्यापर्यंत ती पोचत नाही, अशी उफराटी स्थिती उद्भवते. प्रश्न यंत्राचा आहे त्यापेक्षा अधिक घड्याळाचा आहे.

मेंदूचे वजन शरीराच्या वजनाच्या अवघे दोन टक्के असते. पण विश्रांतीच्या स्थितीत शरीर जेवढा प्राणवायू वापरते त्याचा सुमारे पाचवा हिस्सा एकटा मेंदू घेतो. अडीअडचणीला उपयोगी पडेल अशी गंगाजळी मात्र त्याच्यापाशी जवळजवळ नसते. हृदयात किंवा मानेतील धमनीत तयार झालेली गुठळी वाहत जाऊन मेंदूच्या एखाद्या धमनीत अडकली, की तिच्या पलीकडचा प्रदेश तत्काळ उपाशी पडतो. मेंदूच्या झटक्यांपैकी दहातले सुमारे आठ या प्रकारचे असतात. उरलेले रक्तवाहिनी फुटून होणाऱ्या रक्तस्रावाचे. अमेरिकन मेंदुविकारतज्ज्ञ जेफ्री सेव्हर यांनी २००६ साली मांडलेला हिशेब प्रसिद्ध आहे : मोठी धमनी बंद पडली असता उपचाराविना जाणाऱ्या दर मिनिटाला सरासरी १९ लाख चेतापेशी नष्ट होतात.

तथापि सारा प्रदेश एकाच वेळी मरत नाही. मधला गाभा काही मिनिटांत जातो. त्याच्या सभोवतीचा पट्टा शेजारच्या धमन्यांतून झिरपणाऱ्या रक्तावर काही काळ तग धरून राहतो. ऑस्ट्रप, सीशो आणि सायमन या संशोधकांनी १९८१ सालच्या आपल्या लेखात या पट्ट्यासाठी जो शब्द रूढ केला तो ग्रहणाच्या परिभाषेतला आहे : उपच्छाया. तेथील पेशी काम थांबवितात, पण जिवंत असतात. रुग्णाचा हात लुळा पडलेला दिसतो, वाचा गेलेली दिसते. पण तो हात आणि ती वाचा कायमची गेलेली असतेच असे नाही. झटक्याची सारी आधुनिक चिकित्सा या उपच्छायेला गिळंकृत होण्यापूर्वी सोडविण्यासाठी आहे.

एका पिढीपूर्वीपर्यंत यांतले काहीच दिसत नसे. अमेरिकेचे अध्यक्ष वुड्रो विल्सन यांना २ ऑक्टोबर १९१९ रोजी झटका येऊन त्यांची डावी बाजू लुळी पडली, तेव्हा जगातील एका बलाढ्य राष्ट्राच्या प्रमुखाजवळही तपासणीची साधने होती ती डॉक्टरांचे डोळे, बोटे आणि गुडघ्यावर ठोकण्याची हातोडी. धमनी तुंबली आहे की फुटली आहे, हे कवटीबाहेरून खात्रीने ओळखण्याचा उपाय नव्हता. आणि ओळखूनही करण्यासारखे फारसे काही नव्हते. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या विंबल्डन भागातील अ‍ॅटकिन्सन मॉर्ले रुग्णालयात गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने पहिल्या रुग्णाच्या मेंदूचे सीटी चित्र काढले, आणि कवटी प्रथमच पारदर्शक झाली. सांडलेले रक्त सीटीमध्ये पांढरेशुभ्र उठून दिसते. पण धमनी तुंबलेल्या रुग्णाचे चित्र पहिल्या काही तासांत पुष्कळदा निर्दोष भासते. माणूस डोळ्यांदेखत पांगळा होत आहे आणि चित्र मात्र निरोगी, हा अनुभव त्या काळच्या डॉक्टरांना नित्याचा होता.

चुंबकीय अनुनादाने चित्र काढण्याची कल्पना पॉल लॉटरबर यांनी १९७३ साली प्रसिद्ध केली आणि पीटर मॅन्सफील्ड यांनी तिला गणिताचे व वेगाचे बळ दिले. या दोघांना २००३ साली नोबेल पारितोषिक मिळाले. ते आपल्यालाही मिळावयास हवे होते, असे सांगणाऱ्या पानभर जाहिराती रेमंड डमेडियन यांच्या बाजूने वृत्तपत्रांत झळकल्या, हा या शोधाच्या इतिहासातील एक कडवट अध्याय. शरीरातील पाण्यात हायड्रोजनची जी अणुकेंद्रे आहेत ती प्रबळ चुंबकीय क्षेत्रात ठेवून रेडिओलहरींनी डिवचली, तर ती पूर्वस्थितीला येताना संकेत देतात. त्या संकेतांचे चित्र म्हणजे एमआरआय. नेहमीच्या यंत्राचे क्षेत्र दीड टेस्ला, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या सुमारे ३० हजारपट असते. हे सारे खरे असले, तरी प्रारंभीचा एमआरआय झटक्याच्या पहिल्या दोन-तीन तासांत सीटीइतकाच हतबल होता. पेशींच्या जागी पाणी साचले की ते त्याला दिसे. पण पाणी साचण्याला तास लागतात.

ही कोंडी फुटली ती एका साध्या विचाराने. पाणी किती आहे हे पाहण्याऐवजी ते किती मोकळेपणाने हिंडते आहे, हे पाहावे. फ्रान्सच्या देनी ल बिहां यांनी १९८० नंतरच्या दशकात पाण्याच्या रेणूंच्या या सैरभैर हालचालीचे, म्हणजे विसरणाचे, चित्र काढण्याची रीत घडविली. प्राणवायू बंद झाला, की पेशीच्या आवरणावरील क्षारांचे पंप थांबतात, क्षारांपाठोपाठ पाणी आत शिरते, पेशी फुगतात आणि दोन पेशींमधल्या वाटा चिंचोळ्या होतात. एरवी मोकळ्या रस्त्यावरून रमतगमत जाणारा माणूस विसर्जनाच्या रात्री लक्ष्मी रस्त्यावर सापडला, तर जागच्या जागी उभा राहतो. पाण्याच्या रेणूंची गत तशीच होते. एकूण पाणी वाढलेले नसते, त्याची चाल अडलेली असते. आणि विसरणाच्या चित्रात नेमका तेवढाच भाग दिव्यासारखा उजळतो. कॅलिफोर्नियात मायकेल मोझली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० साली मांजरांवरील प्रयोगांत दाखवून दिले, की धमनी बंद केल्यापासून तासाभराच्या आत ही खूण दिसते. दोनच वर्षांत स्टीव्हन वॉराक यांनी ती माणसांत दाखविली.

या खुणेचे मोल किती, हे 'लॅन्सेट'मध्ये २००७ साली आलेल्या एका अभ्यासावरून कळते. झटक्याची शंका असलेल्या ३५६ रुग्णांची दोन्ही प्रकारे तपासणी झाली. रक्तपुरवठा तुटल्याचे निदान एमआरआयच्या चित्रांवरून ४६ टक्के रुग्णांत करता आले. सीटीवरून अवघ्या १० टक्क्यांत. हे आकडे पाहून कोणालाही वाटेल, की सीटी मोडीत काढावा आणि प्रत्येकाला थेट एमआरआयच्या बोगद्यात न्यावे. येथेच थांबून विचार केला पाहिजे.

रुग्ण दुपारी दोन वाजता सर्वांसमक्ष कोसळला, तीन वाजता रुग्णालयात पोचला, तोंड वाकडे आणि उजवा हात निर्जीव आहे. अशा वेळी निदानाविषयी अनुभवी डॉक्टरला क्वचितच संशय असतो. त्याला एकाच प्रश्नाचे उत्तर हवे असते : रक्तस्राव तर नाही ना? कारण गुठळी विरघळविणारे औषध रक्तस्राव झालेल्या माणसाला दिले तर ते विष ठरेल. या प्रश्नाचे उत्तर सीटी काही मिनिटांत देतो. १९९५ साली अमेरिकेतील ६२४ रुग्णांच्या चाचणीने या औषधाचा लाभ पहिल्या तीन तासांत सिद्ध केला, तेव्हा रुग्णांची निवड सीटीवरच झाली होती. २००८ साली ही मुदत साडेचार तासांपर्यंत वाढली तीही मुख्यतः सीटीच्या आधारावर. एमआरआयपूर्वी मात्र रुग्णाच्या शरीरात पेसमेकर आहे काय, जुन्या शस्त्रक्रियेतील धातूचा तुकडा राहिला आहे काय, हे विचारावे लागते, आणि ज्याची वाचाच गेली आहे तो उत्तर देऊ शकत नाही. मग सुटे दागिने, सुई, बटणे काढा. यंत्राच्या खडखडाटात अस्वस्थ होऊन हालणाऱ्याला शांत करा. एवढ्यात अर्धा-पाऊण तास सहज जातो, आणि सेव्हर यांचा हिशेब लावला तर त्याची किंमत काही कोटी पेशी होते. वेळ ठाऊक आहे, लक्षणे स्पष्ट आहेत, सीटीत रक्त नाही. अशा रुग्णाला 'आधी एमआरआय होऊ द्या' म्हणून अडविणे हा सावधपणा नव्हे. नातेवाइकांनी तसा आग्रह धरणे तर त्याहून वाईट.

मग एमआरआय कोणासाठी? ज्याचे घड्याळ हरवले आहे त्याच्यासाठी. रात्री दहाला माणूस धडधाकट झोपतो आणि सकाळी सहाला उठताना त्याच्या लक्षात येते, की अर्धे अंग उचलत नाही. पाचातला सुमारे एक झटका असा झोपेत येतो. तो अकरा वाजता आला की पहाटे पाचला, हे कोणालाच सांगता येत नाही. आणि नियम असा, की शेवटचे निरोगी पाहिल्याच्या क्षणापासून वेळ मोजावयाची. म्हणजे आठ तास झाले, मुदत संपली, औषध नाही. वर्षानुवर्षे अशा रुग्णांना केवळ हिशेबाच्या या नियमामुळे परत पाठविले गेले. त्यांच्यात असे कितीतरी असणार, की ज्यांचा झटका जाग येण्यापूर्वी अर्ध्या तासाचाच होता.

एमआरआयने येथे घड्याळाचे काम केले. विसरणाचे चित्र काही मिनिटांत उजळते, हे वर आलेच. फ्लेअर नावाचे दुसरे चित्र पाणी साचू लागल्यावर, म्हणजे साधारण साडेचार तासांच्या सुमारास उजळू लागते. पहिले चित्र उजळले आहे आणि दुसरे अद्याप कोरे आहे, असे दिसले तर झटका बहुधा साडेचार तासांच्या आतला. राखेतल्या निखाऱ्यावरून चूल केव्हा विझली हे घरातली म्हातारी सांगे, तसाच हा प्रकार. फक्त येथे हातात मोजमाप आहे. हँबुर्गच्या गोट्झ थोमाला यांच्या नेतृत्वाखाली युरोपातील आठ देशांत या तर्काची कसोटी लागली आणि निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले. निधी संपल्यामुळे ही चाचणी ठरल्यापेक्षा लवकर, ५०३ रुग्णांवरच थांबवावी लागली. पण तेवढ्यातही उत्तर मिळाले : चित्रांच्या आधारे औषध दिलेल्यांपैकी ५३.३ टक्के रुग्ण ९० दिवसांनी चांगल्या स्थितीत होते, न दिलेल्यांपैकी ४१.८ टक्के. मेंदूत रक्तस्राव होऊन प्रकृती बिघडण्याचे प्रमाण औषध घेतलेल्यांत २ टक्के, इतरांत ०.४ टक्के होते, आणि मृत्यूही औषध घेतलेल्यांत काहीसे अधिक झाले. हेही नमूद केले पाहिजे, कारण कोणताही उपचार निव्वळ नफ्याचा नसतो. तरीही ज्यांना कालपर्यंत काहीच मिळत नव्हते, त्यांच्यातल्या दर नऊ जणांमागे एक जण अधिक बरा होतो, हा लाभ लहान नव्हे.

मोठी धमनी बंद पडलेल्यांसाठी २०१५ पासून आणखी एक मार्ग खुला झाला आहे. मांडीतील धमनीतून बारीक नळी मेंदूपर्यंत नेऊन गुठळी ओढून काढावयाची. २०१८ सालच्या दोन चाचण्यांनी हा उपाय निवडक रुग्णांत १६ आणि २४ तासांपर्यंतही उपयोगी पडतो असे दाखविले. निवड झाली ती गाभा किती मेला आणि उपच्छाया किती उरली, हे पाहून. हे पाहण्यास एमआरआय चालतो, तसाच रक्तप्रवाह दाखविणारा सीटीही चालतो. यंत्रांच्या श्रेष्ठ-कनिष्ठतेचा वाद घालणाऱ्यांनी हा तपशील ध्यानात ठेवावा.

या साऱ्याहून अधिक दुर्लक्षित असा रुग्णांचा एक वर्ग आहे, आणि या पृष्ठाच्या वाचकांपैकी अनेकांचा संबंध त्याच्याशीच येण्याचा संभव आहे. कचेरीत लिहिता लिहिता हातातले पेन गळून पडते. वर्गात फळ्याकडे वळलेल्या शिक्षकांना पुढचा शब्दच सापडत नाही. बोलतात ते मुलांना समजत नाही. दहा मिनिटांत सारे पूर्ववत होते. उन्हाचा त्रास, रात्रीचे जागरण, पित्त असे काहीतरी कारण लावून माणूस चहा घेतो आणि कामाला लागतो. हा क्षणिक झटका म्हणजे गुठळी येऊन विरघळून गेल्याची वर्दी असते. कॅलिफोर्नियातील १,७०७ अशा रुग्णांचा अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला : १०.५ टक्के रुग्णांना ९० दिवसांत खरा झटका आला, आणि त्यांतल्या निम्म्यांना तो पहिल्या दोन दिवसांतच आला. उलट, ऑक्सफर्डमध्ये अशा रुग्णांवर तातडीने उपचार सुरू केले, तेव्हा पुढील झटक्याचे प्रमाण सुमारे ८० टक्क्यांनी घटले, असे २००७ साली आढळले. उपचारही फार अघटित नव्हेत; गुठळीविरोधी गोळ्या, रक्तदाबावर नियंत्रण, मानेतील धमनीची तपासणी.

पूर्वी लक्षणे २४ तासांच्या आत गेली की झटका 'क्षणिक' ठरे. विसरणाचे चित्र काढू लागल्यावर असे दिसले, की या 'क्षणिक' रुग्णांपैकी सुमारे एकतृतीयांशांच्या मेंदूत कायमचा मृत ठिपका राहिलेला असतो. म्हणून २००९ साली अमेरिकेतील हृदयरोग संघटनेने व्याख्याच बदलली. घड्याळाऐवजी मेंदूतील पेशींची अवस्था प्रमाण मानली. ज्याच्या चित्रात ठिपका सापडतो त्याचा धोका अधिक, आणि त्याला घरी पाठविणे अधिक घातक. बरे वाटू लागलेल्या माणसाचा एमआरआय एक-दोन दिवसांत व्हावा, ही गोष्ट आपल्या लोकव्यवहाराला चमत्कारिक वाटते. आपण यंत्राचा आग्रह धरतो तो अंथरुणाला खिळलेल्यासाठी; चालत्याबोलत्यासाठी तो खर्च उधळपट्टी वाटतो. वास्तविक उलट असावयास हवे.

अर्थात हे चित्रही निर्दोष नाही. सिद्ध झालेल्या झटक्यांपैकी शंभरात सहा-सात विसरणाच्या चित्रात प्रारंभी दिसत नाहीत, विशेषतः मेंदूच्या मागील भागातले. चक्कर आणि तोल जाणे एवढीच लक्षणे असणाऱ्याचे चित्र कोरे आले म्हणून त्याला निश्चिंत करणे धोक्याचे. अहवाल वाचून उपचार करणारा डॉक्टर आणि रुग्ण पाहून उपचार करणारा डॉक्टर यांच्यातला फरक येथे कळतो.

महाराष्ट्रात या प्रश्नाचे स्वरूप अधिक बिकट आहे. झटका हा शहरी सुखवस्तूंचा रोग, हा समज 'सर्च' संस्थेच्या पाहणीने मोडीत काढला. २०११ ते २०१३ या दोन वर्षांत गडचिरोली जिल्ह्यातील ८६ गावांत झालेल्या मृत्यूंपैकी १४.३ टक्के मेंदूच्या झटक्याने झाले होते. मृत्यूचे ते पहिल्या क्रमांकाचे कारण ठरले. बहुतेकांनी प्राण सोडला तो घरीच. भामरागडहून जिल्ह्याच्या ठिकाणी पोचण्यास कित्येक तास लागतात. त्यात कबुतराचे रक्त चोळण्यासारखे अघोरी उपाय आधी होतात ते वेगळेच. अशा ठिकाणी दीड टेस्लाचे यंत्र नेऊन ठेवू, अशी घोषणा करणे सोपे आहे. त्याला अखंड वीज लागते, परदेशातून येणारा द्रवरूप हेलियम लागतो. आणि मुख्य म्हणजे माणसे लागतात. २०१८ च्या जानेवारीत मुंबईतील एका महापालिका रुग्णालयात प्राणवायूचा सिलिंडर घेऊन यंत्राच्या खोलीत गेलेला रुग्णाचा एक तरुण नातेवाईक चुंबकाच्या ओढीने खेचला जाऊन मरण पावला. दारावर पाटी असून भागत नाही; दाराशी शिकलेला माणूस उभा असावा लागतो.

म्हणून मागणी करावयाची ती यंत्रांची संख्या मोजून नव्हे. जिल्हा आणि उपजिल्हा रुग्णालयांत सीटी रात्रंदिवस चालू असावा, त्याचे चित्र दूरच्या तज्ज्ञाने तत्काळ पाहून कळवावे आणि गुठळी विरघळविणारे औषध तेथेच उपलब्ध असावे, हे पहिले. वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांतील एमआरआय सायंकाळी पाच वाजता कुलूपबंद होता कामा नये, हे दुसरे. झोपेत झटका आलेला रुग्ण भल्या पहाटे येतो, कचेरीच्या वेळेत नव्हे. झटक्यासाठी मेंदूची सारी चित्रे काढण्याचे कारण नाही. विसरण, फ्लेअर, रक्त ओळखणारे एक आणि धमन्यांचे एक, एवढ्यावर भागते आणि रुग्ण सुमारे दहा मिनिटांत बाहेर येतो. त्यासाठी ठरलेल्या वेळेच्या रुग्णाला बाजूला थांबविण्याचा अधिकार रात्रपाळीच्या तंत्रज्ञाला लेखी दिलेला असावा. कोट्यवधींच्या खरेदीला मंजुरी देणारे सरकारी खाते त्यापुढच्या दोन तंत्रज्ञांच्या पदांसाठी वर्षानुवर्षे फाईल फिरवीत बसते, हा आपल्या कारभाराचा जुना रोग आहे. त्याचे निदान करण्यास कोणतेही चित्र काढावे लागत नाही.

रुग्णाच्या खाटेशी ढकलत नेता येणारे, अवघ्या ०.०६४ टेस्लाचे एक छोटे यंत्र अमेरिकेत २०२० साली मान्य झाले. साध्या विजेच्या जोडणीवर ते चालते आणि हेलियम मागत नाही. त्याची चित्रे धूसर असतात. बारीक ठिपके त्यातून निसटतात, पण मोठे झटके दिसतात. ग्रामीण भागाला पुढेमागे त्याचा उपयोग होईल, आणि स्वदेशी एमआरआय घडविण्याच्या खटपटीत असलेल्या आपल्या तंत्रज्ञांनी मोठ्या यंत्राइतकेच याच्याकडेही लक्ष द्यावे. तूर्त भामरागडहून निघालेल्या रुग्णाला वाटेवरच्या पहिल्या सीटी यंत्रापुढे मध्यरात्री जागा असलेला माणूस भेटला, तरी त्याचे दोन तास वाचतील.